घरकुल, आश्रय आणि सोबत : निवाऱ्याच्या शासकीय परिभाषेची चिकित्सा
(पेण व रोहा तालुक्यांच्या संदर्भात)

१

शासकीय परिभाषेची चिकित्सा आपल्याकडे बहुधा शब्दांच्या सुबोध-दुर्बोधतेपुरती मर्यादित राहिली. १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाले व १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने मराठीचा राज्यकारभारातील प्रवेश विधिवत् झाला, तेव्हापासून या परिभाषेवर जी टीका झाली तिचा मुख्य रोख संस्कृतप्रचुरतेवर होता. हा आक्षेप गैर नाही. परंतु तो पृष्ठभागावरचा आहे. परिभाषेचा खरा कस शब्द कठीण आहे की सोपा यावर लागत नाही. ज्या माणसाविषयी तो शब्द योजला जातो त्याला वाक्यात कोणते स्थान मिळते, कर्त्याचे, कर्माचे की संप्रदानाचे, यावर तो लागतो. बेघरपणा अनुभवलेल्या माणसांच्या निवासाची परिभाषा या कसोटीवर तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या तपासणीसाठी रायगड जिल्ह्यातील पेण आणि रोहा हे दोन तालुके विशेष उपयुक्त ठरतात. बेघरपणाची चर्चा सामान्यतः महानगराच्या पदपथाभोवती फिरते. येथे मात्र तिचे दोन वेगळे प्रकार शेजारी शेजारी आढळतात. एक कातकऱ्यांचा : झोपडी पिढ्यान्‌पिढ्या आहे, पण तिच्याखालची जमीन दुसऱ्याची. दुसरा मनोविकाराने ग्रासलेल्या फिरत्या माणसांचा : मुंबई-गोवा महामार्ग पेणवरून जातो आणि कोकण रेल्वेचा आरंभ रोह्यापासून होतो, अशा मार्गांवरून माणसे कोठून कोठे भरकटत जातात. पहिल्याला शासन 'घरकुल' देऊ करते, दुसऱ्याला 'आश्रय'. या दोन शब्दांमध्ये एक जागा रिकामी राहते, आणि नेमकी तीच या दोघांच्याही गरजेची जागा आहे.

२

प्रथम 'बेघर' या शब्दाचाच विचार करावा. फारसी अभावदर्शक 'बे-' आणि देशी 'घर' यांचा हा संकर आहे. 'बेकार', 'बेपत्ता', 'बेवारस' हे याच घडणीचे शब्द. या कुळातील विशेषणे माणसाचे वर्णन त्याच्याजवळ नसलेल्या एका गोष्टीने करतात आणि तेथेच थांबतात. रस्त्यावर आढळलेल्या मनोरुग्णाला वृत्तपत्रे सर्रास 'बेवारस' म्हणतात. हेच विशेषण स्थानकावर राहिलेल्या सामानाला आणि ओळख न पटलेल्या प्रेतालाही लावले जाते. वारसाचा अभाव हा मालमत्तेचा गुण होय. तो जिवंत माणसाला चिकटविला की त्याच्यासंबंधी उरणारा प्रश्न एकच, त्याचा ताबा कोणी घ्यावा. याउलट 'अनिकेत' हा शब्द अर्थाने 'बेघर'च्या जवळचा असूनही भगवद्गीतेच्या परंपरेत तो भक्ताचे लक्षण म्हणून येतो. अभाव एकच, एका शब्दात तो न्यून ठरतो, दुसऱ्यात वैराग्य. वस्तुस्थितीपेक्षा शब्दाची दृष्टी किती निर्णायक असते याचे हे उदाहरण आहे.

जनगणनेची व्याख्याही अभावात्मकच आहे. उघड्यावर, रस्त्याकडेला, पदपथावर, नळांच्या पोकळीत, पुलाखाली वा जिन्याखाली, देवळांच्या आवारात आणि फलाटांवर राहणारी ती 'बेघर' माणसे. त्यांची गणती २८ फेब्रुवारी २०११ च्या एका रात्रीत झाली. देशात अशी सुमारे १७.७ लाख आणि महाराष्ट्रात सुमारे २.१ लाख माणसे नोंदली गेली. फेब्रुवारीअखेर हा वीटभट्टीचा भर हंगाम होय. त्या रात्री भट्टीवर असलेल्या कातकरी कुटुंबाच्या डोक्यावर गवताचे वा प्लास्टिकचे का होईना, छप्पर असते. त्यामुळे ते या व्याख्येत सहज बसत नाही. त्याची वाडीतील झोपडी मात्र त्या वेळी बंद असते. ठाणे-रायगड भागात भट्टीवरच्या खोपीला 'भोंगा' म्हणतात. भट्टीवरील मुलांसाठी निघालेल्या 'भोंगाशाळां'चे नाव त्यावरूनच पडले. दोन छपरे असूनही ज्याचे एकही खात्रीचे नाही, अशा माणसाला 'बेघर' या शब्दात स्थान नाही.

३

आता 'घरकुल' या शब्दाकडे वळू. १९८५ साली इंदिरा आवास योजना सुरू झाली. १ एप्रिल २०१६ पासून तिचे रूपांतर प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात झाले. घराचे किमान क्षेत्र २० वरून २५ चौरस मीटर झाले आणि अनुदान सपाट प्रदेशात १.२० लाख, डोंगराळ व दुर्गम प्रदेशात १.३० लाख रुपये ठरले. १५ नोव्हेंबर २०२३ रोजी विशेषतः असुरक्षित आदिवासी गटांसाठी 'पीएम-जनमन' हे अभियान सुरू झाले. महाराष्ट्रात या गटांत कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमाती येतात. या अभियानात देशभरात ४.९० लाख घरांचे लक्ष्य असून घरामागे २ लाख रुपयांचे साहाय्य आहे. कुडाच्या भिंती आणि गवताचे छप्पर दर पावसाळ्याआधी नव्याने शाकारावे लागणाऱ्या कुटुंबाला पक्क्या भिंतीचे मोल काय, हे वेगळे सांगावयास नको. येथील टीकेचा रोख त्या भिंतीवर नाही.

रोख आहे तो शब्दाच्या व्याकरणावर. 'घरकुल' हे 'घर'चे लघुत्वदर्शक रूप. मुलांच्या खेळातले घर ही त्याची छटा अद्याप जिवंत आहे. शासकीय मराठीत या शब्दाबरोबर येणारी क्रियापदे पाहावीत : घरकुल 'मंजूर' होते, 'वाटप' होते, 'पूर्ण' होते. राहणाऱ्याला 'लाभार्थी' ही संज्ञा मिळते. घर ही एकदा हस्तांतरित करावयाची वस्तू आणि माणूस हा तिचा प्राप्तकर्ता, असा हा वाक्यबंध आहे. घरकुल 'पूर्ण' झाले की वाक्यही पूर्ण होते. त्यात कोणी राहते की नाही, सहा महिने ते बंद का असते, हे सांगणारे क्रियापदच या परिभाषेत नाही.

वास्तविक मराठी भाषेला घर आणि वस्तू यांतील भेद चांगला ठाऊक आहे. 'त्याच्याकडे पैसे आहेत', 'त्याच्याकडे गाडी आहे' असे आपण म्हणतो. पण 'त्याच्याकडे घर आहे' हा प्रयोग कानाला खटकतो. 'त्याला घर आहे' हाच स्वाभाविक प्रयोग, आणि तो 'त्याला मुलगा आहे', 'त्याला बहीण आहे' या नातेवाचक प्रयोगांच्या पंक्तीतला आहे. त्याहून लक्षणीय उदाहरण सप्तमीचे. प्राचीन '-ई'कारान्त सप्तमी आज मोजक्याच नामांपुरती उरली आहे : घरी, दारी, गावी, माहेरी, सासरी. ही बहुतांशी नात्याची आणि आपलेपणाची स्थळे आहेत. 'तो घरी गेला' या वाक्यात कोणाच्या घरी हे सांगावे लागत नाही. ते त्याचेच असते. 'घरात गेला' म्हटले की केवळ वास्तू उरते. झोपडीत, खोलीत, चाळीत, निवाऱ्यात, केंद्रात, घरकुलात ही सगळी 'आत'ची रूपे होत. 'घरकुली गेला' असे कोणी म्हणत नाही. शासकीय योजना माणसाला घरकुलात पोचविते. तो घरी पोचला की नाही हा प्रश्न तिच्या व्याकरणाबाहेर राहतो.

४

हा भेद केवळ शाब्दिक नव्हे, हे कातकऱ्यांच्या स्थितीवरून स्पष्ट होते. खैराच्या लाकडापासून काथ काढणारे ते कातकरी. १८७८ च्या वनकायद्यानंतर जंगलावरील निर्बंध वाढत गेले तसतसा हा व्यवसाय मोडत गेला. कोळसा पाडणे, शेतमजुरी आणि वीटभट्टी हे पुढचे टप्पे. ज्या जमीनदाराकडे राबावयाचे त्याच्याच जमिनीच्या कडेला झोपडी बांधावयाची, अशा रीतीने अनेक कातकरवाड्या वसल्या. मुंबई-महानगराच्या विस्ताराबरोबर या जमिनींना मोल आले आणि तीनचार पिढ्यांची वस्ती एकाएकी कागदावर 'अतिक्रमण' ठरू लागली. एकाच झोपडीला राहणारा 'घर' म्हणतो आणि दप्तर 'अतिक्रमण' म्हणते. या दोन शब्दांमधील अंतर हेच त्या कुटुंबाचे असुरक्षित जीवन होय.

कायदा मात्र येथे परिभाषेहून उदार होता, हे नमूद करणे अगत्याचे आहे. १९४८ च्या कूळकायद्याच्या १६ ते १८ या कलमांनी राहत्या घराच्या जागेला संरक्षण दिले आणि ते कुळापुरते न ठेवता शेतमजूर व कारागीर यांनाही लागू केले. १९६६ च्या जमीन महसूल संहितेच्या १२२ व्या कलमाने गावठाणाच्या सीमा ठरविण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यास दिला. त्याचा उपयोग करून वाडी गावठाणात आणता येते. 'घरठाण' हा जुना मराठी शब्द या संदर्भात फार अर्थपूर्ण आहे. घर आणि त्याचे ठाण, म्हणजे उभे राहण्याची जागा, या दोहोंना तो एकत्र बांधतो. 'घरकुल' या शब्दाने त्यातील ठाण गळाले. परिणामी घरकुल मंजूर, परंतु बांधावयास जागा नाही, अशी अवस्था निर्माण झाली आणि जागा खरेदीसाठी निराळी योजना काढावी लागली. पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाच्या या योजनेत आरंभी ५०० चौरस फुटांपर्यंतच्या जागेस ५० हजार रुपयांपर्यंत साहाय्य होते. शब्दाने जे गाळले ते पुरवणीने जोडावे लागले.

ठाण मिळाले तरी प्रश्न संपत नाही. दिवाळीनंतर भट्टीचा मुकादम येतो, आधी घेतलेली 'उचल' फेडण्यासाठी कुटुंब बाहेर पडते आणि पावसाच्या तोंडावर परत येते. या काळात शिधा, मुलांची शाळा, आजारपण ही सर्व वाडीच्या पत्त्याशी बांधलेली आणि माणसे मात्र भट्टीवर. वेठबिगारी १९७६ च्या अधिनियमाने संपुष्टात आणली असली तरी उचलीचा फास घराच्या पक्केपणाने सुटत नाही. पावसाळ्यातील चार महिन्यांचे धान्य, उचलीवाचून भागेल असे काम आणि अडीनडीला येणारा कोणीतरी एवढे जोडीला असेल तरच पक्के घर वर्षभर उघडे राहील. निवासाला साहाय्याची जोड हवी, हा विचार येथे परदेशातून आणावा लागत नाही. तो वाडीतील बंद दारांवरूनच वाचता येतो.

५

दुसरा शब्द 'आश्रय' आणि त्याचे सोयरे : आश्रम, आधारगृह, निवारागृह, भिक्षेकरी गृह. यांच्याबरोबर येणारी क्रियापदे 'दाखल करणे', 'ठेवणे', 'हलविणे' ही आहेत. घरकुलाच्या वाक्यात माणूस निदान संप्रदान होता. येथे तो कर्म होतो. १९५९ च्या मुंबई भिक्षाप्रतिबंधक अधिनियमाच्या व्याख्येत उपजीविकेचे दृश्य साधन नसलेला आणि सार्वजनिक जागी फिरणारा वा थांबणारा माणूसही भिक्षेवर जगत असण्याचा संभव दिसल्यास 'भिक्षेकरी' ठरतो. प्रत्यक्ष याचना केली पाहिजे असे नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली या अधिनियमातील भिक्षेला गुन्हा ठरविणाऱ्या तरतुदी दिल्लीपुरत्या रद्द केल्या, त्यामागे गरिबीलाच अपराध मानण्याचा हा दोष होता. नागरी बेघरांसाठी २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात निवाऱ्याची तरतूद होती. १ लाख लोकसंख्येमागे किमान १०० माणसांची सोय हे तिचे प्रमाण होते. पेण आणि रोहा या दोन्ही नगरांची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ५० हजारांच्याही खाली होती. अशा लहान गावांतला बेघर माणूस महानगराच्या मापाने आखलेल्या तरतुदीच्या कडेलाच राहतो.

रायगड जिल्ह्यात या क्षेत्रातील सर्वांत प्रसिद्ध कार्य कर्जत येथील श्रद्धा पुनर्वसन प्रतिष्ठानचे आहे. डॉ. भरत व डॉ. स्मिता वाटवानी यांनी १९८८ साली आरंभिलेल्या या कार्याचे कर्जत केंद्र २००६ मध्ये उभे राहिले आणि २०१८ साली डॉ. भरत वाटवानी यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. रस्त्यावरील मनोरुग्णाला आणावे, उपचार करावेत, स्मृती परतली की गाव शोधून त्याला स्वजनांकडे पोचवावे, ही त्यांची पद्धती. वर सांगितलेल्या सप्तमीच्या भाषेत, ही माणसाला 'घरी' नेणारी पद्धती आहे. 'बेवारस' म्हणून हाती आलेल्या माणसाला त्याचे नाव आणि गाव परत मिळते, ही लहान गोष्ट नव्हे. तथापि ज्याला घरी कोणी उरले नाही, किंवा ज्याचे घर त्याला घेत नाही, त्याचे काय, हा प्रश्न उरतोच.

मराठी रंगभूमीने हा प्रश्न फार पूर्वी ओळखला होता. वि. वा. शिरवाडकरांच्या 'नटसम्राट'चा (१९७०) नायक छपराच्या अभावी रस्त्यावर येत नाही. त्याला घर होते, मुले होती. मालमत्ता वाटून टाकल्यावर त्या घरात तो राहणारा न उरता ठेवलेला झाला, आणि तेथूनच त्याचे बेघरपण सुरू झाले. नाटकावरील चर्चा कृतघ्न अपत्ये आणि ढासळता अभिनेता यांभोवती घुटमळत राहिली. निवासाच्या दृष्टीने पाहता त्यातील अर्थपूर्ण गोष्ट ही, की अखेरीस त्याला माणुसकीची सोबत पदपथावर बूटपॉलिश करणाऱ्या मुलाकडून मिळते. छप्पर होते तेथे सोबत नव्हती; सोबत मिळाली तेथे छप्पर नव्हते. शासकीय परिभाषेतील रिकामी जागा हीच.

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ याने ती जागा प्रथम कायद्यात दाखविली. त्याचे १८ वे कलम मध्यगृहे, संरक्षित निवास आणि साहाय्यित निवास यांची तरतूद शासनावर सोपविते. १९ वे कलम सांगते की केवळ कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारीत नाही, वा घर नाही एवढ्याच कारणाने कोणाला मनोरुग्णालयात ठेवता येणार नाही. तरीही बऱ्या झालेल्या रुग्णांना भिक्षेकरी गृहे, वृद्धाश्रम अशा ठिकाणी हलविण्याची महाराष्ट्रातील प्रथा थांबविण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाला २०१९ साली द्यावा लागला. साधनांची टंचाई हे याचे एक कारण खरे. परंतु 'गृह' म्हटले की सर्व गृहे सारखीच, आणि 'हलविले' की कर्तव्य पूर्ण, ही परिभाषेने लावलेली सवयही त्यामागे नसेल असे म्हणवत नाही.

६

येथे 'सपोर्टिव्ह हाउसिंग' या संज्ञेच्या मराठीकरणाचा प्रश्न उपस्थित होतो. सरळ मार्ग 'साहाय्यकारी गृहनिर्माण' असा होईल, आणि तोच सर्वांत घातक ठरेल. 'हाउसिंग'ला 'गृहनिर्माण' म्हणण्याची रीत आपल्याकडे दृढ झाली आहे. १९७७ साली स्थापन झालेल्या प्राधिकरणाच्या नावात ती आहे. इतकेच काय, चाळीस वर्षांपूर्वी बांधून झालेल्या इमारतीतले रहिवासीही अजून 'सहकारी गृहनिर्माण संस्थे'चे सभासद असतात. निर्माण ही बांधकामाची क्रिया, राहण्याची नव्हे. या एका शब्दाने निवासाचा सगळा विचार पायाभरणी आणि गृहप्रवेश यांच्या दरम्यान कोंडला आहे.

मूळ संकल्पनेचा आशय निराळा आहे. १९९२ साली न्यूयॉर्कमध्ये सॅम त्सेम्बेरिस यांनी मनोविकार असलेल्या बेघरांना आधी घर द्यावे, बरे होण्याची अट घालू नये आणि मदतनीसांनी त्या घरी जावे असा क्रम अवलंबिला. फिनलंडने २००८ पासून तो राष्ट्रीय धोरण म्हणून स्वीकारला. कॅनडाने २००९ ते २०१३ या काळात पाच शहरांत दोन हजारांहून अधिक माणसांसह त्याची परीक्षा घेतली आणि नेहमीच्या सेवांच्या तुलनेत या पद्धतीत माणसे घरात अधिक स्थिर राहतात असे आढळले. भारतात चेन्नईच्या 'द बॅनियन' या संस्थेने २०१५ पासून सर्वसामान्य वस्तीत भाड्याची घरे घेऊन तेथे चार-पाच जणांनी एकत्र राहावे आणि लागेल तेवढे साहाय्य तेथेच मिळावे अशी रचना उभारली. या सर्वांतील समान सूत्र दिशेचे आहे. आश्रयात माणूस साहाय्याकडे जातो. येथे साहाय्य माणसाकडे येते, आणि घर त्याचेच राहते.

या दिशेला मराठीत शब्द आहे, आणि तो कोकणातल्या कोणत्याही खेड्यात ऐकू येतो. एकट्या म्हातारीच्या घरी शेजारची मुलगी रात्री 'सोबतीला' झोपावयास जाते. म्हातारीला कोठे हलविले जात नाही. चूल तिची, किल्ली तिची, आणि सोबत करणारी पाहुणी. 'साहाय्यित निवास' हा कायद्यापुरता ठीक. त्याचा बोलभाषेतील अर्थ समजावावयाचा तर 'सोबतीचा रहिवास' याहून जवळचा प्रयोग सापडणे कठीण. 'रहिवास' या नामात राहण्याची क्रिया आहे आणि तिचा कर्ता रहिवासी आहे, लाभार्थी नव्हे.

यावर एक आक्षेप संभवतो. शब्द बदलल्याने वीट उभी राहत नाही. शिवाय गावची सोबत जातीच्या व वाड्यांच्या सीमा ओलांडून कातकऱ्याच्या दारापर्यंत क्वचितच गेली आहे. आक्षेपाचा दुसरा भाग पूर्णतः मान्य करावा लागतो. म्हणूनच सोबत ही शेजाऱ्याच्या कृपेवर न ठेवता सार्वजनिक कर्तव्य म्हणून संघटित करावी लागेल. घराच्या अनुदानाबरोबर भेटीला येणाऱ्या माणसाच्या वेतनाचीही तरतूद करावी लागेल. पहिल्या भागाला उत्तर हे, की शासकीय व्यवहारात शब्द हाच रकाना असतो. ज्याला रकाना नाही त्याला खर्चाचे शीर्षक नाही, त्याची पाहणी नाही, त्याचा अहवाल नाही. 'घरकुले पूर्ण' असा रकाना आहे म्हणून घरकुले मोजली जातात; 'दोन वर्षांनंतर राहती घरे' असा रकाना निघाला तर रोह्याच्या एखाद्या वाडीत माघ महिन्यात किती दारांना कुलपे आहेत हे कोणाला तरी जाऊन पाहावे लागेल.

परिभाषाकारांचे काम येथे सुरू होते. राजव्यवहारासाठी शब्द घडविण्याची परंपरा या जिल्ह्याला नवी नाही. शिवछत्रपतींच्या काळात सिद्ध झालेल्या राज्यव्यवहारकोशाचा संबंध, ज्या गडावरून जिल्ह्याला १९८१ साली नाव मिळाले, त्याच राजधानीशी पोचतो. त्या कोशाने दप्तराची भाषा बदलू पाहिली. आजच्या कोशाने दप्तरातील माणसाचे विभक्तिस्थान बदलावे, एवढीच अपेक्षा आहे : ज्याला घर 'दिले', ज्याला आश्रमात 'ठेवले', तो माणूस 'राहतो' या साध्या क्रियापदाचा कर्ता व्हावा.